अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाद घालण्याआधी कसा वाचावा

27 जून 2025 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ट्रम्प विरुद्ध कासा’ (कासा ही स्थलांतरितांसाठी काम करणारी संस्था) खटल्याचा निकाल दिला आणि तासाभरात दोन तऱ्हेची वाक्यं फिरू लागली. ‘जन्माने मिळणारं नागरिकत्व न्यायालयाने काढून घेतलं’ हे एक, आणि ‘घाबरू नका, काहीच बदललेलं नाही’ हे दुसरं. दोन्ही चूक. नागरिकत्वाचा मूळ प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. अमेरिकेत जन्मलेल्या काही मुलांना नागरिकत्व नाकारणारा अध्यक्ष ट्रम्प यांचा 20 जानेवारी 2025 चा आदेश घटनेत बसतो की नाही हे या अर्जांमध्ये विचारलेलं नाही, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही, असं बहुमताच्या निकालपत्रात सरळ लिहिलं आहे. बदल मात्र मोठा झाला होता. एका जिल्हा न्यायाधीशाने, म्हणजे संघीय न्यायालयांच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या न्यायाधीशाने, एकाच हुकमाने अख्ख्या देशासाठी सरकारचा हात धरायचा, ही सोय न्यायालयाने बंद केली.

अशा निकालांवर हिरिरीने बोलणारे बरेच जण खरं तर विषयावर बोलत असतात. विषय अवाढव्य असतो: नागरिक कोण, अध्यक्षाला किती सत्ता असावी. न्यायालयापुढे त्यातला एक कापून काढलेला तुकडा येतो आणि उत्तर तेवढ्याच तुकड्याचं मिळतं. तेव्हा निकाल हातात आला की तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: प्रश्न काय होता, आदेश काय दिला, कारणं काय सांगितली. शंभरावर पानांचं निकालपत्र पूर्ण वाचायला दिवस जातो. पुढे दिलेल्या क्रमाने गेलं तर तास-दीड तासात बोलण्याइतकी माहिती नक्की हाती लागते.

आधी कागद ओळखा

निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी दहानंतर येतात; जूनमध्ये तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. मोठे निकाल बहुधा जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जुलैच्या पहिल्या दिवसांत येतात, कारण न्यायालयाचं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काम संपवायचं असतं. पीडीएफ उतरवून घ्या. कोणी पाठवलेला एका पानाचा स्क्रीनशॉट चालणार नाही. का, ते पुढे येईलच.

उघडल्यावर पहिल्यांदा खटल्याचा क्रमांक बघा. ‘25-365’ असा मधे आडवी रेघ असलेला क्रमांक म्हणजे रीतसर सुनावणीसाठी आलेलं प्रकरण. ‘24ए884’ असा मधे ‘ए’ असलेला क्रमांक म्हणजे तातडीचा अर्ज: खालच्या न्यायालयाचा हुकूम तूर्त थांबवा किंवा थांबवू नका, एवढंच मागणारा. पहिला क्रमांक ‘ट्रम्प विरुद्ध बार्बरा’चा आहे, ज्यात नागरिकत्वाचा मूळ प्रश्न न्यायालयाने 5 डिसेंबर 2025 रोजी सुनावणीसाठी घेतला. दुसरा ‘कासा’चा. एका अक्षराचा फरक आहे, पण तेवढा पाहिला असता तरी अर्ध्या चुका टळल्या असत्या.

‘कासा’ थोडं फसवं होतं हेही खरं. तातडीच्या अर्जांवर सहसा एक-दोन पानांचा, बऱ्याचदा कारणंही न देणारा आदेश येतो. इथे 15 मे 2025 ला तोंडी सुनावणी झाली आणि भलंमोठं निकालपत्र आलं. त्यामुळे ते अंतिम निकालासारखं दिसलं.

आणखी तीन प्रकारचे कागद बातम्यांमध्ये ‘निकाल’ म्हणून खपतात.

सुनावणी नाकारल्याचा आदेश: नऊपैकी चार न्यायाधीशांनी हो म्हटलं तर प्रकरण ऐकलं जातं. तितके जमले नाहीत म्हणून नाकारलं, तर खालचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम राहतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला असा अर्थ निघत नाही.

तातडीचा अंतरिम आदेश: यासाठी पाच मतं लागतात. 22 मे 2025 च्या ‘ट्रम्प विरुद्ध विल्कॉक्स’ आदेशाने स्वायत्त मंडळांच्या दोन सदस्यांना खटला चालू असेपर्यंत पदाबाहेर ठेवण्याची मुभा अध्यक्षांना मिळाली, आणि दोन पानांच्या त्या आदेशातच ‘फेडरल रिझर्व्हची (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची) गोष्ट वेगळी’ असंही सांगून टाकलं. असे आदेश अंतिम नसतात. पण म्हणून त्यांना किंमत नाही असं म्हणू नका. 23 जुलै 2025 च्या ‘ट्रम्प विरुद्ध बॉईल’ आदेशात न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं की अंतरिम आदेशाने मूळ प्रश्न सुटत नसला, तरी तशाच प्रकरणात तो लक्षात घ्यावा लागेल.

सुनावणीचा उतारा: न्यायाधीशाने सरकारी वकिलाला धारेवर धरलं म्हणजे मत विरोधात गेलं, हा अंदाज अनेकदा तोंडघशी पाडतो. प्रश्न विचारणं म्हणजे मत देणं नव्हे. काही न्यायाधीश ज्या बाजूने लिहायचं आहे त्याच बाजूला सर्वांत कठीण प्रश्न विचारतात, कारण उत्तर त्यांना निकालपत्रासाठी हवं असतं.

पानं कोणत्या क्रमाने वाचायची

सुरुवातीची काही पानं म्हणजे सारांश. तो सोपा, सुटसुटीत असतो आणि म्हणून सगळे तोच उद्धृत करतात. त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा सारांश न्यायालयाच्या मताचा भाग नाही, वाचकांच्या सोयीसाठी निकाल-नोंदणी अधिकाऱ्याने तयार केला आहे. आणि त्यासाठी 1906 च्या एका लाकूड कंपनीच्या खटल्याचा दाखला असतो. वाट कळावी म्हणून तो वाचा, पण अवतरण कधीही सारांशातून घेऊ नका.

सारांशाच्या शेवटी एक परिच्छेद असतो: निकाल कोणी लिहिला, कोण पूर्ण सहमत, कोण कुठल्या भागापुरतं सहमत, स्वतंत्र सहमती कोणाची, भिन्नमत कोणाचं. हा परिच्छेद वहीत उतरवून घ्या. नावासकट.

मग थेट बहुमताच्या निकालपत्राच्या शेवटच्या पानावर जा. आदेश तिथे असतो. ‘कासा’मध्ये तो असा आहे: सरकारचे अर्ज मंजूर, पण मनाई हुकूम ज्या प्रमाणात दाद मागण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक वादीला पूर्ण दिलासा देण्यासाठी लागतो त्याहून व्यापक आहेत, तेवढ्याच प्रमाणात. शिवाय, अध्यक्षीय आदेशाचं दुसरं, म्हणजे नागरिकत्व नाकारणारं, कलम निकालाच्या तारखेपासून 30 दिवस लागू होणार नाही. एवढं वाचलं तरी ‘नागरिकत्व गेलं’ हे वाक्य टिकत नाही आणि ‘काहीच झालं नाही’ हेही टिकत नाही.

त्यानंतर बहुमताची पहिली तीन-चार पानं, मग तळटीपा, मग भिन्नमत, आणि वेळ उरला तर मधला युक्तिवाद. तळटीपांना वगळू नका. ‘कासा’च्या दहाव्या तळटीपेत म्हटलं आहे की प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली (सरकारी खात्यांनी निर्णय कसे घ्यावेत हे सांगणारा कायदा) न्यायालय एखाद्या खात्याचा निर्णयच रद्द करू शकतं का, या वेगळ्या प्रश्नावर आज आम्ही काही बोलत नाही. म्हणजे एक दार बंद करताना शेजारचं दार मुद्दाम उघडं ठेवलं, आणि ते बारीक अक्षरांत.

आता स्क्रीनशॉटबद्दल. निकालाच्या पीडीएफमध्ये सगळी मतं एकाखाली एक जोडलेली असतात आणि प्रत्येक मताची पानं पुन्हा एकपासून सुरू होतात. तेव्हा ‘निकालाचं पान 5’ याला काही अर्थ नाही. एकाच फाईलमध्ये पान 5 सहा वेळा असू शकतं. ओळख पटते ती पानाच्या माथ्यावरच्या पट्टीवरून. तिथे ‘न्यायालयाचं मत’ आहे, की एखाद्या न्यायाधीशाचं नाव आणि पुढे ‘सहमत’ किंवा ‘असहमत’? सर्वांत जास्त फिरणारी वाक्यं भिन्नमतांतली असतात, कारण भिन्नमत लिहिणाऱ्याला कोणाची मनं सांभाळायची नसतात. बहुमत लिहिणाऱ्याला पाच जणांना एकत्र ठेवायचं असतं, त्यामुळे तिथली भाषा कोरडी आणि अडखळती. कापताना माथ्यावरची पट्टी गेली की भिन्नमत निकाल म्हणून खपतं. कोणी पान पाठवलं आणि वरची पट्टी दिसत नसेल, तर ते पान नाही असंच समजा.

आदेशाची चार क्रियापदं

कायम केला, फिरवला, रद्दबातल केला, परत पाठवला. पहिल्या दोहोंचा अर्थ सरळ आहे. ‘रद्दबातल करून परत पाठवला’ हे तिसऱ्या-चौथ्याचं जोडगाणं मात्र वारंवार विजय किंवा पराभव म्हणून सांगितलं जातं. त्याचा अर्थ एवढाच असतो की खालच्या न्यायालयाने चुकीच्या कसोटीवर तपासलं, आता योग्य कसोटी लावून पुन्हा तपासा.

1 जुलै 2024 चा ‘ट्रम्प विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा निकाल याचं ठळक उदाहरण. माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालू शकतो का, हा प्रश्न होता. न्यायालयाने अध्यक्षाच्या कृत्यांचे तीन कप्पे केले. घटनेने फक्त अध्यक्षालाच दिलेल्या गाभ्याच्या अधिकारांतल्या कृत्यांना पूर्ण संरक्षण. बाकीच्या अधिकृत कृत्यांना निदान गृहीत धरलेलं संरक्षण, जे फिर्यादी पक्ष खोडून काढू शकतो. खाजगी कृत्यांना संरक्षण नाही. आरोपपत्रातलं कुठलं कृत्य कुठल्या कप्प्यात जातं, यातलं बरंचसं ठरवण्याचं काम जिल्हा न्यायालयाकडे परत गेलं. ‘अध्यक्ष काहीही करू शकतो’ असं निकाल म्हणत नाही. टीकाकारांचा खरा, आणि वजनदार, मुद्दा असा की मधला कप्पा इतका रुंद आणि त्यातून बाहेर काढण्याची अट इतकी कडक आहे की व्यवहारात फरक थोडाच उरतो. हा मुद्दा मांडायचा तर निकालातला हा मधला कप्पा नीट सांगून मांडा. नुसती घोषणा दिली की समोरचा तिसरा कप्पा दाखवून मोकळा होतो.

मतांची बेरीज नीट करा

‘6 विरुद्ध 3’ हा आकडा पुरेसा नसतो. वर सांगितलेल्याच निकालात पाच न्यायाधीश पूर्ण सहमत होते आणि न्या. एमी बॅरेट एक भाग सोडून. तो भाग म्हणजे तीन-सी: संरक्षण असलेलं अधिकृत कृत्य दुसऱ्या आरोपाचा पुरावा म्हणून ज्युरीपुढे आणता येणार नाही, असं सांगणारा. म्हणजे निकाल सहा-तीन, पण पुराव्याचा नियम पाच-चार. ज्याला या निकालाचं भवितव्य ओळखायचं आहे त्याच्यासाठी हा एका मताचा फरक बातमीतल्या मथळ्यापेक्षा मोलाचा आहे.

एखाद्या भागाला पाच मतं मिळालीच नाहीत, तर तो भाग न्यायालयाचं मत होत नाही. त्यासाठी प्रत्येक भागाच्या क्रमांकापुढे सहमत न्यायाधीशांची नावं लिहून बेरीज करायची. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं.

दुसऱ्या बाजूने, एकट्याने लिहिलेलं मतही पुढे नियम होऊन बसतं. 1952 मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना अध्यक्ष ट्रुमन यांनी संपाच्या तोंडावर पोलाद कारखाने ताब्यात घेतले. 2 जून 1952 च्या ‘यंगस्टाउन’ निकालात न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो ताबा बेकायदा ठरवला. बहुमताचं मत न्या. ब्लॅक यांचं, पण आज सगळे उद्धृत करतात ते न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचं स्वतंत्र सहमतीचं मत. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) संमतीने वागताना अध्यक्षाची सत्ता सर्वांत जास्त, काँग्रेस गप्प असेल तेव्हा संधिप्रकाश, म्हणजे सत्ता कोणाची हे धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागताना सत्ता सर्वांत कमी. 1981 च्या ‘डेम्स अँड मूर’ निकालात न्यायालयाने हीच चौकट वापरली. तो निकाल लिहिणारे न्या. रेन्क्विस्ट 1952 मध्ये याच जॅक्सन यांच्याकडे विधी-सहाय्यक म्हणून काम करत होते, हा एक गमतीचा योग.

अध्यक्षीय सत्तेच्या कुठल्याही वादात शिरताना पहिला प्रश्न हाच: या विषयावर काँग्रेसचा कायदा आहे का, आणि तो कुठल्या दिशेने बोट दाखवतो? पुष्कळ वाद इथेच निम्म्यावर येतात.

न्यायाधीश कोणी नेमला यावरून मत ओळखण्याची सवयही सांभाळून वापरा. नागरिकत्वाच्या आदेशाला पहिल्यांदा, 23 जानेवारी 2025 ला, स्थगिती देणारे सिएटलचे न्या. कूघेनॉर रेगन यांनी नेमलेले. ‘कासा’नंतर सामूहिक दाव्यात (सारख्या स्थितीतल्या सर्वांच्या वतीने काही जणांनी केलेल्या दाव्यात) आदेश रोखणारे न्यू हॅम्पशायरचे न्या. लाप्लांट धाकट्या बुश यांनी नेमलेले. रेगन आणि बुश दोघेही ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे.

निकालाचा गाभा आणि ओघात आलेली वाक्यं

गाभा म्हणजे न्यायालयापुढच्या प्रश्नाचं बंधनकारक उत्तर; ओघात आलेली वाक्यं आधार देतात, बांधत नाहीत. नागरिकत्वाच्या वादातली खरी मेख इथे आहे, त्यामुळे इथे घाई नको.

घटनेची चौदावी दुरुस्ती 9 जुलै 1868 रोजी मंजूर झाली. कृष्णवर्णीयांना नागरिक मानता येणार नाही असं ठरवणारा 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल तिने पुसला. तिचं पहिलं वाक्य सांगतं की अमेरिकेत जन्मलेली किंवा नागरिकत्व बहाल झालेली, आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली, प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे. सगळं भांडण ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांवर. एका बाजूचं म्हणणं: देशाचे कायदे ज्याला लागू होतात तो अधीन, अपवाद परदेशी राजदूतांची मुलं, आक्रमक सैन्याची मुलं आणि त्या काळच्या आदिवासी जमातींचे सदस्य. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: नुसते कायदे लागू होणं पुरेसं नाही, पूर्ण राजकीय निष्ठा हवी, आणि ती कायम वास्तव्य असलेल्यांचीच असते.

20 जानेवारी 2025 चा अध्यक्षीय आदेश 14160 या दुसऱ्या वाचनावर उभा आहे. त्यात दोन गट आहेत. आई बेकायदा राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, हा एक. आईचं वास्तव्य कायदेशीर पण तात्पुरतं असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, हा दुसरा. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या जोडप्यांचा संबंध या दुसऱ्या गटाशी येतो. ‘हा आदेश फक्त घुसखोरांसाठी आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने आदेश वाचलेला नसतो.

आता 28 मार्च 1898 चा ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध वोंग किम आर्क’ निकाल उघडा. 169 यू.एस. 649 या क्रमांकाने तो मिळतो, म्हणजे न्यायालयाच्या निकालसंग्रहाचा 169 वा खंड, पान 649 पासून. वोंग यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोत 1873 मध्ये, आईवडील चिनी सम्राटाचे प्रजाजन. 1895 मध्ये चीनला जाऊन परतताना तू नागरिक नाहीस म्हणून त्यांना बंदरातच अडवलं. न्यायालयाने 6 विरुद्ध 2 मतांनी त्यांना नागरिक ठरवलं. एक न्यायाधीश सहभागी नव्हते.

पान 653 वर न्यायालयाने प्रश्न मांडला आहे आणि पान 705 वर त्याच शब्दांत उत्तर दिलं आहे. दोन्ही ठिकाणी आईवडिलांचं वर्णन ‘अमेरिकेत कायमचा अधिवास असलेले, इथे व्यवसाय करणारे’ असं आहे. आदेशाचे समर्थक इथे बोट ठेवतात: निकाल कायम राहणाऱ्यांच्या मुलांपुरता, पुढे ताणू नका. विरोधक म्हणतात: ती फक्त या खटल्याची हकीकत झाली, कारणं बघा, ती इंग्लंडच्या जुन्या जन्मभूमीच्या (जिथे जन्म तिथली प्रजा) नियमावर, 1608 च्या कॅल्व्हिन खटल्यापर्यंत मागे जाऊन बेतलेली आहेत, आणि त्या नियमात अधिवासाची अट नव्हती.

पान 693 वर दोन्ही पक्षांची ओढाताण एका परिच्छेदात दिसते. तिथे म्हटलं आहे की परदेशी नागरिक इथे अधिवास करून असताना अमेरिकेच्या निष्ठेखाली, संरक्षणाखाली आणि म्हणून अधिकारक्षेत्राखाली असतो. लगेच पुढच्या वाक्यात येतं की ही निष्ठा स्थानिक आणि तात्पुरती असली, तो या भूमीवर आहे तोवरच टिकणारी असली, तरी त्याचं इथे जन्मलेलं मूल जन्माने प्रजाजन ठरायला पुरेशी आहे. एक बाजू पहिलं वाक्य पाठवते, दुसरी बाजू दुसरं. दोन्ही वाक्यं सलग ठेवून वाचली तरच कळतं की प्रश्न कुठे खरोखर खुला आहे आणि कुठे तो ओढूनताणून खुला केला जातो.

चौदाव्या दुरुस्तीवरच्या 1866 च्या सिनेटमधल्या चर्चेचं तसंच. सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी 30 मे 1866 ला कलम मांडताना सांगितलं की यात परदेशी, परके, राजदूतांच्या कुटुंबांतले लोक येणार नाहीत. ही तीन वेगळ्या गटांची यादी आहे की राजदूतांच्या कुटुंबांचंच वर्णन, हे शब्दांमधल्या स्वल्पविरामांवरून आजही भांडलं जातं. हॉवर्ड उद्धृत करायचे, तर त्याच दिवशी कॅलिफोर्नियाचे सिनेटर कॉनेस यांनी चिनी आईवडिलांची इथे जन्मलेली मुलं नागरिक ठरतील आणि ते योग्यच आहे असं सांगितलं, हेही सांगा.

1982 च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’मधली दहावी तळटीप हमखास पुढे येते: प्रवेश कायदेशीर होता की बेकायदा, यावरून अधिकारक्षेत्रात फरक करता येत नाही, असं ती सुचवते. पण तो खटला शाळाप्रवेशाचा होता आणि वाक्य कायद्याच्या समान संरक्षणाच्या कलमाबद्दलचं. आधार म्हणून वजनदार, गाभा म्हणून नाही. ‘प्लायलरने नागरिकत्व ठरवून टाकलं’ म्हणणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं.

निकाल घटनेवर टेकलाय की कायद्यावर?

नागरिकत्वाच्या दाराला दोन कुलुपं आहेत. एक चौदावी दुरुस्ती. दुसरं काँग्रेसचा कायदा: 1940 च्या राष्ट्रीयत्व कायद्यात घटनेतले तेच शब्द घेतले आणि 1952 च्या कायद्यात कायम ठेवले, आज ते संघीय कायदेसंहितेच्या शीर्षक 8, कलम 1401 मध्ये आहेत. न्यायालय आदेश फक्त कायद्याच्या आधारावरही मोडू शकतं आणि घटनेचं नाव न घेता थांबू शकतं. तसं झालं तर अध्यक्ष हरतात, पण काँग्रेस साध्या बहुमताने कायदा बदलायला मोकळी राहते. घटनेच्या आधारावर मोडला, तर उरतो तो घटनादुरुस्तीचा मार्ग: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि 50 पैकी 38 राज्यांची मान्यता. जिंकलेल्या बाजूने टाळ्या वाजवण्याआधी शेवटच्या पानावर कुठल्या कुलपाचा उल्लेख आहे तेवढं बघावं.

कोणाला लागू, कधीपासून

चार ओळींत लिहून काढा: वादी कोण, कुठल्या राज्यांतले, कुठल्या तारखेनंतर जन्मलेल्यांना, आणि आदेश नेमकं काय करायला सांगतो. आदेश 14160 फक्त तो निघाल्यापासून 30 दिवसांनंतरच्या जन्मांना लागू आहे, असं त्यातच लिहिलं आहे. आधी जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व काढून घेण्याची त्यात तरतूद नाही. आणि तो बोलतो संघीय खात्यांशी: नागरिकत्व मान्य करणारी कागदपत्रं देऊ नका, राज्यांची तशी कागदपत्रं मानू नका. त्यामुळे भांडण प्रत्यक्षात पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या खिडकीवर येतं. स्वतःच्या बाळाच्या कागदपत्रांचा प्रश्न असेल तर वकिलाला हीच चार उत्तरं विचारा. त्याविना मिळालेला सल्ला ऐकीव समजा.

लिहिताना

पोस्ट टाकायची तर पहिलं वाक्य या साच्यात बसवून बघा: तारीख, खटला, प्रश्न, आदेश, लागू कोणाला. ‘कासा’चं असं होईल: “27 जून 2025 रोजी न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की जिल्हा न्यायालयांनी दिलेले देशव्यापी मनाई हुकूम बहुधा 1789 च्या न्यायव्यवस्था कायद्याने दिलेल्या अधिकारापलीकडचे आहेत, हुकूम वादींपुरते राहतील, नागरिकत्वाच्या प्रश्नावर निर्णय दिला नाही.” यातला ‘बहुधा’ न्यायालयाचा आहे, तो गाळू नका. अंतरिम टप्प्यावर न्यायालय शक्यतेच्या भाषेत बोलतं आणि मथळे ती शक्यता खाऊन टाकतात. या वाक्यानंतर हवं ते मत मांडा, कितीही जहाल. वाचणाऱ्याला निकाल कुठे संपला आणि तुम्ही कुठे सुरू झालात हे कळलं की झालं.

समोरचा चुकीचं सांगत असेल तर ‘निकाल वाचलाय का?’ असं विचारू नका. त्याने फक्त आवाज चढतो. ‘हे बहुमतात आहे की भिन्नमतात, आणि कुठल्या पानावर?’ असं विचारा. पान शोधायला गेलेला माणूस बहुधा थोडं नरमून परततो, किंवा परततच नाही.

निकालानंतरचे आठवडे

त्याच दिवशी सगळं लिहून मोकळं व्हायची घाई नडते. फेरविचाराच्या अर्जासाठी 25 दिवस असतात, आणि निकालाची प्रत खालच्या न्यायालयाकडे सर्वसाधारणपणे 32 दिवसांनी जाते. सुरुवातीला प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत नंतर दुरुस्त्याही होतात, म्हणून अवतरण घेताना उतरवल्याची तारीख नोंदवून ठेवा. खरी हालचाल मात्र खालच्या न्यायालयांत असते. ‘कासा’ने देशव्यापी हुकूम थांबवले, पण सामूहिक दाव्याची वाट उघडी होती, तेराव्या दिवशी, 10 जुलै 2025 ला, न्या. लाप्लांट यांनी देशभरच्या अशा बाळांचा एक गट तात्पुरता मान्य करून त्या गटासाठी आदेश रोखला. 23 जुलैला पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने वादी राज्यांना पूर्ण दिलासा द्यायचा तर देशव्यापीच हुकूम लागतो असं ठरवलं. या दोन्ही वाटा ‘कासा’च्या पानांत आधीच दिसत होत्या. राज्यांना किती व्यापक दिलासा लागतो हे बहुमताने खालच्या न्यायालयांवर सोडलं होतं, आणि न्या. अलिटो यांनी सहमतीच्या मतात बजावलं होतं की सामूहिक दाव्यांची आणि राज्यांनी दाद मागण्याची दारं सैल सोडली, तर आजच्या निकालाला फारसा अर्थ उरणार नाही.